दोन काड्यांची चूल

मनकर्णा शेळकेला आयुष्यात पहिल्यांदा कुणी नापास केलं ते गणितात नव्हे, इंग्रजीतही नव्हे, पिठलं-भाकरीत. आणि पिठलं-भाकरी तर फक्कड झाली होती. परीक्षा घेणाऱ्या बाईंनी बोटं चाटून खाल्ली, हात धुतले, रुमालाला पुसले आणि मग नापास केलं. खाऊन नापास करायचा हा न्याय टेकाडवाडीला नवा होता. खरं सांगायचं तर चूक बाईंची नव्हती आणि पोरीचीही नव्हती. चूक असलीच तर वाडीच्या चालीरीतीची होती, आणि चालीरीतीला कोण नापास करणार?

एकाहत्तर सालचा हिवाळा होता. टेकाडवाडी मिरजगावपासून कोसभर आत, शे-सव्वाशे उंबऱ्यांची. मनकर्णा रोज पायी मिरजगावच्या हायस्कुलात जायची, आठवीत होती. अंगानं काटक, बोलायला कमी, पण एकदा मनात घेतलं की बैलानं हिसका दिला तरी कासरा न सोडणारी. ही पोरगी जन्मायच्या वेळीसुद्धा अडून बसली होती, सुईणीनं हात जोडले तेव्हा बाहेर आली, असं तिची आई मालनबाई येईल त्याला सांगायची.

त्या वर्षी शाळेत गायकवाडबाई आल्या. एलिझाबेथ गायकवाड नगरच्या, मिशनच्या शाळेत शिकलेल्या. नेसायला पांढरी सुती साडी, पायांत बूट, आणि बाई असून सायकलवर बसायच्या. पहिला महिनाभर मिरजगावानं नुसतं बघून घेतलं. मग बाईंनी शाळेत मुलींचं गाईड पथक काढलं. निळा पोशाख, गळ्यात स्कार्फ, तीन बोटांची सलामी. दोऱ्यांच्या गाठी यायला हव्यात, जखम बांधता यायला हवी, रानातली वाट शोधता यायला हवी, आणि जे पक्कं येईल त्याची परीक्षा देऊन बाहीवर कापडी बिल्ला शिवायचा. बिल्ले तऱ्हतऱ्हेचे होते. मनकर्णाच्या मनात भरला तो स्वयंपाकाचा.

भाकरी तिला परकर नेसायला लागल्यापासून येत होती, म्हणून ती सोप्या बिल्ल्याच्या मागं लागली असं वर्गातल्या मुली म्हणत. पण तिचं कारण वेगळं होतं. मालनबाईनं जन्मभर भाकरी थापल्या, आणि त्यातली एक तरी बरी झाली असं तिला कुणी म्हटलेलं मनकर्णानं ऐकलं नव्हतं. करपली तर मात्र सगळ्या घराला जीभ फुटायची. आणि इथं भाकरी केल्याबद्दल बिल्ला मिळत होता, तोही बाहीवर, चारचौघांत दिसेल असा. हे तिला फार मोठं वाटलं. बिल्ला मिळाला की तो शिवायला आईकडंच द्यायचा, हे तिनं आधीच ठरवून टाकलं होतं.

जानेवारीत शाळेमागच्या माळावर शिबिर भरलं. कर्जतच्या, जामखेडच्या शाळांतल्या मुली आल्या. परीक्षा घ्यायला नगरहून गंधेबाई आल्या, चष्मा नाकाच्या शेंड्यावर आणि शिट्टी गळ्यात. नियम सगळ्यांना वाचून दाखवला: तीन दगडांची चूल, रॉकेल नाही, कागद नाही, प्रत्येकीला काडेपेटीतल्या दोनच काड्या, आणि दोघींना पुरेल एवढा स्वयंपाक.

मनकर्णानं वाऱ्याचा अंदाज घेऊन दगड मांडले, वाळक्या काटक्या गोळा केल्या, पीठ चाळलं, बेसन कालवलं. मग चूल पेटवायची वेळ आली तशी तिनं इकडंतिकडं पाहिलं. शेजारीच जामखेडच्या दयाची चूल पेटली होती. मनकर्णानं गवरीचा तुकडा उचलला, दयाकडं गेली, रिवाजाप्रमाणे तिच्या चुलीत आपल्याकडची एक काटकी सारली आणि म्हणाली, जरा इस्तू घेते गं. दयानं विस्तव दिला. तो तिनं आपल्या चुलीत ठेवला, दोन फुंकरा घातल्या, जाळ झाला. पुढचं सगळं आईनं शिकवल्याप्रमाणे झालं.

खाणं झाल्यावर गंधेबाईंनी विचारलं, तुझ्या जळक्या काड्या कुठं आहेत? मनकर्णानं पदराच्या गाठीसारखी बांधलेली स्कार्फची गाठ सोडली आणि दोन्ही काड्या, गुलासकट साबूत, बाईंच्या हातावर ठेवल्या. एकही मोडली नाही, वाया घालवली नाही. शाबासकीच मिळणार अशी तिची खात्री होती.

गंधेबाईंनी काड्या उलटसुलट करून पाहिल्या. मग त्यांनी नापासाची खूण केली आणि म्हणाल्या, "चूल पेटवणं हीच तर परीक्षा होती. आईनं घरी काडी ओढायलासुद्धा शिकवलं नाही का तुला?"

त्यांच्या बोलण्यात विष नव्हतं, दिवसभर उन्हात उभं राहून माणूस बोलतो तसं बोलल्या. पण मुली हसल्या. मनकर्णाला नापास झाल्याचं एवढं लागलं नाही, आईचं नाव निघालं ते लागलं. डोळ्यांत पाणी येऊ द्यायचं नाही म्हणून तिनं तवा घासायला घेतला आणि असा घासला की त्याचा काळा रंग जायची वेळ आली.

आता यातली गंमत, म्हणजे गंमत तरी कशी म्हणायची, अशी की बाईंचं बोलणं खरं होतं. मालनबाईला काडी ओढता येत नव्हती. तिला कधी गरजच पडली नव्हती. टेकाडवाडीत चूल पेटवत नसत, चूल राखत. रात्री निखारा गवरीत घालून राखेखाली पुरायचा, सकाळी राख बाजूला सारली की लालभडक हजर. कुणाचा विझलाच तर उलथन्यावर शेजारणीकडून आणायचा, जाताना एखादी गवरी नाहीतर काटकी घेऊन जायची, कारण विस्तव मागायला रिकाम्या हातानं जात नाहीत. मालनबाई सासूपासून वेगळी निघाली तेव्हा भांड्याकुंड्यांच्या आधी सासूच्या चुलीतला विस्तव खापरात घालून घेऊन आली होती. तोच आजवर चालला होता. काडेपेटी असायची ती कारभारीच्या, म्हणजे मनकर्णाच्या बापाच्या, मुंडाशात, बिडीसाठी. काडी लावायची ती भांडणाला, चुलीला न्हाई, असं मालनबाई म्हणायची.

गायकवाडबाईंनी मनकर्णाला जवळ बसवून समजावलं. रानात एकटी सापडलीस, आसपास कुणी नाही, तर चूल पेटवता यायला हवी, यासाठी ही परीक्षा. मनकर्णानं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाई, ज्याला शेजार न्हाई असं रान कुठं असतंय?"  पुढच्या वर्षी पुन्हा परीक्षा देता येते एवढं बाईंनी सांगितलं, आणि मनकर्णानं तेवढंच ऐकलं. त्याच गंधेबाईंपुढं, त्याच माळावर, त्याच दोन काड्या. घरी आल्यावर तिनं आईला फक्त नापास झाल्याचं सांगितलं. गंधेबाई काय बोलल्या ते गिळून टाकलं.

मग सुरू झाला सराव. कारभारीच्या मुंडाशातली काडेपेटी हलकी होऊ लागली. पहिल्या काही काड्या मोडल्याच. एकीचा गूल उडून परकराला भोक पडलं. पेटलेली काडी बोटापर्यंत आली की ती घाबरून टाकून द्यायची. शिवाय हे सगळं घराच्या मागं, उकिरड्याच्या आडोशाला, आईच्या नकळत. पण बाप काही आंधळा नव्हता. एके दिवशी तो मागं येऊन उभा राहिला. आता पाठीत धपाटा बसतोय असं पोरीला वाटलं. कारभारीनं काडेपेटी हातात घेतली, वाऱ्याकडं पाठ केली, दोन्ही हातांची ओंजळ केली आणि काडी आपल्याकडं ओढून ओंजळीतच पेटवली. माळावरचा वारा बोटांवरून निघून गेला, ज्योत हलली नाही. बिडी ओढणाऱ्याला एवढं यावंच लागतं, म्हणाला. आयुष्यात लेकीला शिकवावं असं आपल्याकडं काहीतरी आहे, हे त्यालाही त्या दिवशीच कळलं असावं.

ओंजळ साधायला पोरीला बरेच दिवस लागले. पाठमोरी उभी, मान खाली, खांदे आवळलेले, तोंडाजवळ हात आणि हातांतून धूर. हे दृश्य शेजारच्या लंकाबाईनं परसातून पाहिलं. लंकाबाई म्हणजे वाडीचं आकाशवाणी केंद्र, फरक इतकाच की हिच्या बातम्यांना वेळापत्रक नव्हतं. दिवस मावळायच्या आत सगळ्या वाडीला कळलं की मालनची पोरगी बिडी ओढते.

मालनबाईचं तोंड उतरलं. पोरगी उद्या उजवायची, आणि असली आवई. तिनं मनकर्णाला समोर घेतलं आणि सांगितलं की तो बिल्ला नको, ते गाईड नको, आजपासून काडीला हात लावायचा नाही. कारभारी मधे पडायला गेला तर तिनं त्यालाही झाडलं.  दुसऱ्या दिवशी रविवार होता. मनकर्णानं निळा पोशाख घातला, स्कार्फ बांधला, तीन दगड उचलले आणि गल्लीच्या मधोमध, मारुतीच्या पाराजवळ, सगळ्यांना दिसेल असे मांडले. माणसं जमली, लंकाबाई पुढंच होती. मनकर्णानं वाऱ्याकडं पाठ केली, ओंजळीत काडी ओढली. विझली. दुसरी ओढली आणि काटक्यांना लावली. जाळ झाला तशी ती लंकाबाईकडं वळून म्हणाली, "मामी, बिडी अशी ओढत्यात व्हय? ही चूल हाय. च्या ठेवते, तुमी घ्या."

लंकाबाईनं चहा घेतला. फुकटचा चहा तिनं कधी सोडला नव्हता. आवई त्या दिवशी मेली, आणि मालनबाई त्यानंतर काड्यांबद्दल काही बोलली नाही. पण चुलीजवळ मात्र तिनं काडेपेटी येऊ दिली नाही.

बहात्तरला पाऊस आलाच नाही. त्याचं वर्णन काय करायचं, ज्यांनी ते वर्ष काढलं त्यांना सांगायला नको आणि ज्यांनी काढलं नाही त्यांना पटणार नाही. बैल छावणीत गेले, गाय मामाच्या गावी गेली. कारभारी आणि मालनबाई रस्त्याच्या दुष्काळी कामावर खडी फोडायला जाऊ लागले. खायला रेशनचा लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी. जनावरं गेली तसं शेण गेलं, शेण गेलं तशा गवऱ्या गेल्या, आणि काटक्यांचा निखारा काही रात्र काढत नाही. दिवाळीच्या सुमाराला एका सकाळी मालनबाईनं चुलीतली राख सारली. लाल काही दिसलं नाही. बोटं घालून खालपर्यंत चाचपलं. राख गार होती.

ती उलथनं घेऊन लंकाबाईकडं गेली. लंकाबाईची चूल आदल्याच दिवशी गार झाली होती. तिच्या पलीकडच्या घरीही तेच. गल्लीभर फिरून मालनबाई तसंच रिकामं उलथनं घेऊन परत आली आणि चुलीपुढं बसली. सासूबाईंचा इस्तू ग्येला, एवढंच म्हणाली आणि पदर तोंडाला लावून रडायला लागली. बैल गेले तेव्हा ती रडली नव्हती.

मनकर्णा दारात उभी होती. शेजार नाही असं रान कुठं असतं ते तिला आता दिसलं. तिनं बापाच्या मुंडाशातली काडेपेटी घेतली, आईशेजारी बसली आणि एका काडीत चूल पेटवली. मालनबाईनं जाळाकडं पाहिलं, मग पोरीकडं.

"तुझ्या त्या बाई खरं बोलल्या," ती म्हणाली. "मला न्हाई येत काडी वढायला."

म्हणजे तिला सगळं माहीत होतं. वर्गातल्या कुणा पोरीच्या आईनं बाजारात सांगितलं असणार. वर्षभर ते मनात घेऊन ती गप्प बसली होती.  आई, काही खरं नाही त्यात, असं तिला म्हणायचं होतं. तिनं आईच्या हातात काडेपेटी दिली. मालनबाईनं ओढून पाहिली, काडी मोडली. पुन्हा ओढली, पुन्हा मोडली. मग तिनं पेटी परत दिली आणि पीठ मळायला घेतलं. त्या दिवसापासून रोज सकाळी चूल मनकर्णा पेटवायची आणि रोज रात्री ती विझायची. मालनबाई भाकरी करायची, पण चुलीला हळदकुंकू वाहायचं तिनं सोडून दिलं. एका दिवसाच्या चुलीला काय वाहायचं, असं तिचं मत.

जानेवारीत गायकवाडबाईंनी शिबिर घ्यायचं ठरवलं तेव्हा गावात लोक हसले. खायला नाही आणि स्वयंपाकाची परीक्षा कसली. बाई म्हणाल्या, खायला नाही तेव्हाच तर स्वयंपाकाची परीक्षा. तालुक्याहून सरपण मिळवलं, त्यात बाभळीचे दोन-तीन मोठे बुडखे होते. पीठ मात्र मिलोचंच. गंधेबाई आल्या, तोच चष्मा, तीच शिट्टी. मनकर्णाला त्यांनी ओळखलं की नाही कळलं नाही.

त्या दिवशी वारं फार होतं. माळावर गवताची काडी राहिली नव्हती, त्यामुळं धुळीला अडवायला काही नव्हतं. मनकर्णानं दगड मांडले, बारीक काटक्या तासून ठेवल्या, वाऱ्याकडं पाठ केली, ओंजळ केली, काडी आपल्याकडं ओढली. पेटली. खाली वाकून काटक्यांना लावणार तेवढ्यात वाऱ्यानं दिशा बदलली आणि काडी विझली.

आता एकच राहिली.  शेजारी पुन्हा जामखेडची दयाच होती, तिची चूल धडधडत होती. दया भली मुलगी. ती हळूच म्हणाली, "ने की इस्तू. बाई तिकडं बघतायत."

मनकर्णानं मान हलवली. ही काडी गेली तर बिल्ला गेला, आणि आईबद्दल जे बोललं गेलं ते तसंच राहिलं. ती उठली नाही. वारं पडायची वाट बघत गुडघ्यांवर बसून राहिली. बाकीच्यांच्या भाकरी तव्यावर पडल्या तरी बसून राहिली. गंधेबाई येऊन मागं उभ्या राहिल्या तरी मान वर केली नाही. शेवटी तिनं गळ्यातला स्कार्फ काढून डोक्यावरून पुढं ओढला, चुलीवर इतकी वाकली की कपाळ दगडाला टेकलं, आणि त्या आडोशात, चुलीच्या तोंडातच ओंजळ करून शेवटची काडी ओढली. जरा वेळ नुसता धूर. मग एक काटकी तडकली.

मिलोची भाकरी थापताना तुटते, हे त्या वर्षी सगळ्या महाराष्ट्राला माहीत झालं होतं. मनकर्णानं आईसारखं पीठ उकडून घेतलं आणि अख्खी भाकरी तव्यावर टाकली. गंधेबाईंनी ती खाल्ली. या वेळी त्यांनी काड्या मागितल्या नाहीत, मनकर्णानंच दोन्ही जळक्या काड्या त्यांच्यापुढं धरल्या. बाई म्हणाल्या, पास. भाकरी कुणी शिकवली? मनकर्णा म्हणाली, "आईनं." एवढं एक उत्तर द्यायला तिला वर्ष लागलं होतं. मग तिनं विचारलं, "परीक्षा संपली ना बाई? आता ह्या चुलीतला इस्तू मी नेला तर चालंल?"

गंधेबाईंनी चष्म्यावरून पाहिलं आणि म्हणाल्या, तुझी चूल, तुझा विस्तव. गायकवाडबाईंनी बाभळीचा एक बुडखा देऊ केला. मनकर्णानं तो चुलीत सारून त्याचं एक टोक चांगलं धुमसू दिलं, फुटक्या मडक्याच्या खापरात राख घालून त्यावर ठेवला आणि निघाली. कोसभर वाट. खापर तापलं की खाली धरलेली स्कार्फची चुंबळ या हातातून त्या हातात घ्यायची, निखारा मलूल वाटला की वाऱ्याकडं तोंड करून उभी राहायची. दिवसभर वैरी असलेलं वारं आता कामाला आलं.

मालनबाई खडीवरून नुकतीच आली होती, हातापायांवर पांढरी धूळ. दारात पोरगी खापर घेऊन उभी. मालनबाईनं विचारलं, कुणाच्या चुलीतला?

"माझ्या," मनकर्णा म्हणाली.

मालनबाईनं हात धुतले. चुलीतली गार राख काढून टाकली, चूल पोतेऱ्यानं सारवली, फडताळातली हळदकुंकवाची डबी शोधून काढली. बुडखा आत ठेवला. रात्री जेवणं झाल्यावर त्याच्यावर राख ओढली, हलक्या हातानं, तान्ह्या पोरावर पांघरूण घालतात तशी. बाभूळ टणक, ती रात्र काढते. बिल्ला पोस्टानं येणार होता, सुई-दोरा मालनबाईनं त्याच रात्री काढून ठेवला.

सकाळी राख सारली तर आत लाल होतं. कुठून वास लागला देव जाणे, तांबडं फुटायच्या आत लंकाबाई दारात. एका हातात उलथनं, दुसऱ्या हातात बाभळीची एक वाळकी काटकी, त्या दुष्काळात कुठून मिळवली तिची तिलाच ठाऊक.

"मालन, इस्तू हाय का गं?"

मालनबाई पीठ मळत होती. तिनं मान वर न करता सांगितलं, "हाय की. पर मला नको मागू. मनकर्णाचा हाय, तिला माग."

 लंकाबाई पुढं झाली आणि तिनं हातातली काटकी मनकर्णाला दिली. मनकर्णानं ती चुलीत सारली, चांगला धगधगीत निखारा निवडला आणि लंकाबाईच्या उलथन्यावर ठेवला.